टर्फ टाकताय? मग दुपारच्या उन्हाचा हिशेब आधी मांडा



बॉक्स क्रिकेट टर्फच्या व्हिडिओत आपण माप, जाळी, लाइट आणि एकूण खर्च बघितला. ऊन हा विषय तिथे दोन मिनिटांत उरकला होता, तो इथे नीट घेऊ. कारण टर्फ टाकणारा माणूस जागा बघायला जातो हिवाळ्यात नाहीतर पावसाळ्यानंतर, आणि हप्ते सुरू होतात ऐन उन्हाळ्यात.

उदाहरणाला परंदवडी धरू. सोमाटणे फाटा जवळ, तळेगावची एमआयडीसी जवळ, आजूबाजूला नवीन सोसायट्या. गिऱ्हाईक आहे, यात शंका नाही. पण "मावळ म्हणजे थंड हवा" या भरवशावर राहू नका. लोणावळ्याचा गारवा इथपर्यंत येत नाही. एप्रिल-मे महिन्यात या पट्ट्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो, आणि हा पारा सावलीतल्या हवेचा असतो. प्लास्टिकच्या गवताचा नाही.

खरं गवत मुळातून पाणी घेतं, पानातून सोडतं आणि त्यात स्वतःला थंड ठेवतं. प्लास्टिकला हे जमत नाही, ते फक्त तापतं. गंमत अशी, की हे गवत गाजलं तेच मुळी छताखाली. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात अ‍ॅस्ट्रोडोम नावाचं बंदिस्त स्टेडियम होतं. आत खरं गवत जगेना, म्हणून १९६६ मध्ये तिथे कृत्रिम गवत टाकलं, आणि त्यावरूनच 'अ‍ॅस्ट्रोटर्फ' हे नाव पडलं. आपण तीच वस्तू मावळच्या उघड्या उन्हात अंथरतोय.

किती तापतं? अमेरिकेतच ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२ मध्ये आपल्या मैदानावर मोजमाप केलं होतं. भर उन्हात टर्फ ७९ अंश सेल्सिअसपर्यंत गेलेलं. पाणी मारल्यावर ते ३० अंशांच्या आसपास उतरलं. पुढचं वाक्य लक्ष देऊन वाचा. पाच मिनिटांत ते परत ४९ वर गेलं आणि वीस मिनिटांत ७३ वर. त्वचा भाजायला ५० अंश पुरेसे असतात, लागतात ती फक्त काही मिनिटं.

"सर, पाणी मारू की!"

हे मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. टीव्हीवर हॉकीचं मैदान सामन्याआधी भिजवताना आपण बघतो. पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंद पॉलिग्रास मैदान आहे, तिथलं टर्फ त्याच जातीचं. पण हॉकीत पाणी मुख्यतः चेंडू वेगात सरकावा म्हणून असतं. बॉक्स क्रिकेटमध्ये ओल्या टर्फवर रन काढताना पाय सटकतो, ते वेगळंच दुखणं.

आता ढोबळ हिशेब करू. तुमचं टर्फ १०० बाय ६० फूट, म्हणजे साधारण ५५७ चौरस मीटर. दुपारचं कडक ऊन प्रत्येक चौरस मीटरवर तासाला जवळपास एक युनिट विजेइतकी उष्णता ओततं. ती नुसत्या पाण्याने उडवून लावायची तर चौरस मीटरला तासाला दीड लिटर लागतं. पूर्ण टर्फला तासाला साडेआठशे लिटरच्या आसपास, सहा तासांना पाच हजार. म्हणजे दहा हजारी टँकरचा निम्मा रोज, आणि तोही मे महिन्यात. भरीला दमट वाफ उठते, घाम सुकत नाही, खेळणारा जास्तच हैराण होतो.

पाण्याचा दुसराही मुद्दा आहे. आपल्याच तालुक्यात गहुंजेचं स्टेडियम आहे. २०१६ च्या दुष्काळात मैदानाला लागणाऱ्या पाण्यावरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लागले. तिथे निदान खरं गवत होतं. गावात हंडे रांगेत असताना तुम्ही प्लास्टिकवर टँकर ओतलात, तर गाव काय म्हणेल ते सांगायला नको.

संध्याकाळी पाचनंतर ऊन उतरलं की मात्र एक हलका फवारा मारायला हरकत नाही. तेव्हा तो टिकतो.

सगळ्यात स्वस्त तास

खरी अडचण इथे आहे. दुपारी मोठी माणसं येत नाहीत, म्हणून मालक दुपारचा दर उतरवतो. मग तो तास घेतं कोण? सुट्टी लागलेली शाळेची पोरं, वर्गणी काढून. सगळ्यात तापलेल्या तासाला सगळ्यात लहान गिऱ्हाईक. त्यात निम्मी चपला काढून अनवाणी खेळणार आणि डाइव्ह मारून गुडघे-कोपर भाजून घेणार. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, आणि तहान लागली तरी खेळ सोडून ती पाणी प्यायला जात नाहीत.

उष्माघाताला हलक्यात घेऊ नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमानंतर १४ जणांचा जीव गेला. पारा ३८ च्या आसपासच होता आणि लोक बसलेले होते, धावत नव्हते.

म्हणून माझं स्पष्ट मत: एप्रिल-मेमध्ये ११ ते ५ बुकिंग बंद. याची किंमत काढू. समजा दुपारी ५०० रुपयांनी रोज तीन तास गेले असते. रोजचे १५००, महिन्याचे ४५ हजार, दोन महिन्यांचे ९० हजार. वर्षावर पसरलं तर महिन्याला साडेसात हजार. हा आकडा प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आत्ताच वजा करा. तेवढ्याने हप्ता अडत असेल, तर अडचण उन्हाची नाही, कर्जाचा आकडा मोठा आहे. थोडी भरपाई पहाटे साडेपाचला गेट उघडून होते. रात्री उशिरापर्यंत चालवताना शेजाऱ्यांच्या झोपेचं बघा.

कॉन्ट्रॅक्टरकडून कोटेशन घेताना गवतात भरायचं काय, हे लिहून घ्या. जुन्या टायरचे काळे रबर दाणे ऊन धरून ठेवतात. नुसती सिलिका वाळू थोडी कमी तापते, पण पडल्यावर लागतं, म्हणून खाली शॉक पॅड घ्यावा लागतो. फिकट दाणे महाग आहेत आणि फरक थोडाच पडतो, कारण गवताचं पातंही तापतंच. "कूल टर्फ" म्हणून जास्त पैसे मागितले, तर त्याच्याच आधीच्या एखाद्या टर्फवर दुपारी दोन वाजता घेऊन चला म्हणा आणि स्वतः मोजा. मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर गन घ्या, हजार-दीड हजारात मिळते. कोरोनातली तापाची गन चालणार नाही, तिची बहुतेक ४३ च्या पुढे बोलती बंद होते. बंदचे तास सोडूनही ५० च्या वर आकडा दिसला की खेळ थांबवायचा, गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी. बूट सगळ्यांना सक्तीचे. पिण्याचं पाणी फुकट ठेवा, त्यात कंजुषी नको. कुणी बडबडायला लागला, तोल जायला लागला, उलटी झाली, तर लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी ओता आणि १०८ ला फोन करा. आधी थंड करायचं, मग बाकीचं.

सावलीसाठी शेडनेट उत्तम, आणि मावळात पॉलिहाउसवाल्यांमुळे ती बसवणारे कारागीर जवळच मिळतात. पण बसायच्या जागेवर आणि पश्चिमेच्या बाजूला आधी करा. बॉक्सच्या माथ्यावर टाकायची असेल, तर खांब त्या हिशेबाने जाड घ्या. साध्या जाळीतून वारा निघून जातो, शेडनेट मात्र शिडासारखी फुगते. वळवाचा पाऊस इथे मे महिन्यात वादळ घेऊनच येतो. त्यामुळे दोरीने ओढून गुंडाळता येईल अशीच बसवा, आणि ढग भरून आले की आधी पोरांना बाहेर काढा, मग नेट.