दुसरा रिमोट आधी घ्या

माझा धंदा टीव्ही दुरुस्तीचा. नांदेड-यवतमाळ रस्त्यावरचं आमचं महागाव तालुक्याचं ठिकाण खरं, पण गेमच्या मशिनीचं शोरूम इथं कधी नव्हतं. मशीन येते नांदेडहून, नागपूरहून, नाहीतर पुण्यात नोकरीला लागलेल्या मोठ्या भावाच्या बॅगेतून. बिघडली की येते माझ्या टेबलावर. मधली काही वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत तासाच्या भाड्यानं गेमही चालवले. त्यामुळे कापसाचे पैसे हातात आले की कुणीतरी बाप काउंटरवर हात टेकून विचारतोच, "काका, पोरगं एक्सबॉक्स म्हणते, साळा प्लेस्टेशन म्हणते. यातला कोन्ता चांगला रायते?" त्याला उभ्या उभ्या जे सांगतो, ते इथं जरा बसून लिहिलंय.

१. आधी गेम ठरवा, मग मशीन.

सप्टेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स ३६० भारतात आणला. जाहिरातीला युवराज सिंग, किंमत १९,९९० आणि २३,९९० रुपये. पुढच्या एप्रिलात सोनीचा प्लेस्टेशन ३ आला, ३९,९९० ला. कागदावर पाहिलं तर जुना प्लेस्टेशन २ या दोघांपुढे कुठंच नव्हता. त्याचा प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झच्याही आतला, मेमरी ३२ एमबी. नव्यांचे प्रोसेसर ३.२ गिगाहर्ट्झचे, मेमरी ५१२ एमबी. तरी माझ्या खोलीत नंबर लागायचा तो २ वरच. कारण एकच, ईए कंपनीचं 'क्रिकेट ०७'. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेला हा गेम फक्त प्लेस्टेशन २ आणि कॉम्प्युटरवर चालायचा, एक्सबॉक्सवर आलाच नाही. परवाना ऑस्ट्रेलिया-इंग्लंडपुरता, त्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं मोडतोड केलेली. पोरांना काही फरक पडला नाही. रिची बेनॉची इंग्रजी कॉमेंट्री कळो न कळो, षटकार बसला की रस्त्यावर ऐकू जाईल असा कल्ला व्हायचा. युवराजच्या नावाचाही एक क्रिकेट गेम ३६० वर निघाला होता, पण मागच्या खोलीत तो मागितल्याचं मला आठवत नाही.

मेगाहर्ट्झ विचारणारं गिऱ्हाईक मी तेव्हा फारसं पाहिलं नाही. "क्रिकेट हाय का?" हे सगळेच विचारायचे.

२. दुसरा रिमोट आधी घ्या.

कंट्रोलर म्हणा, जॉयस्टिक म्हणा, आमच्याकडे त्याला रिमोटच म्हणतात. नव्वदच्या दशकात मीडिया, लिटल मास्टर या नावांनी ज्या मशिनी घरोघर आल्या, त्या जपानच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. ताकद म्हणाल तर आजच्या रिमोटमधली चिपसुद्धा त्यांना भारी पडेल. पण खोक्यात रिमोट दोन असायचे. 'कॉन्ट्रा'मध्ये आपल्या लाइफ संपल्या की जोडीदाराची लाइफ घेऊन परत उतरता यायचं, आणि त्यावरून सख्ख्या भावांत मारामाऱ्या व्हायच्या. तेवढी करमणूक चार हजारांच्या ग्राफिक कार्डानं होत नाही.

आता मशिनीसोबत एकच रिमोट येतो. प्लेस्टेशन ५ आला तेव्हा दुसऱ्या रिमोटची किंमत ५,९९० रुपये होती. बाप लोक हा आकडा ऐकून "मग पाहू" म्हणतात आणि तो 'मग' येत नाही. घरात दोन पोरं असतील तर मशीन एक पायरी खालची घ्या, पण रिमोट दोन घ्या. एकटं पोरगं महिनाभरात कंटाळतं, हे मी किती घरांत पाहिलंय.

३. लाइन जाते, हे धरून चाला.

पुण्या-मुंबईच्या तुलनेत हा मुद्दा कुठं सापडायचा नाही, पण आमच्याकडे हाच पहिला. प्लेस्टेशन ५ भारी गेम खेळताना साधारण २०० वॅट खातो. एक्सबॉक्स सिरीज एस ७५ च्या आसपास. जुना बारका प्लेस्टेशन २ तर ५० च्याही आत. इन्व्हर्टरवर पंखा, दोन बल्ब आणि टीव्ही असेल, तर सिरीज एस त्यात सामावतो. प्लेस्टेशन ५ लावला की बॅटरी लवकर बसते आणि आजी पंख्यासाठी ओरडते.

आणखी एक बारीक गोष्ट. प्लेस्टेशन ५ 'रेस्ट मोड'मध्ये ठेवला की अर्धवट गेम त्याच्या चालू मेमरीत राहतो. लाइन गेली की तो गेला. सिरीज एस आणि एक्स 'क्विक रिझ्यूम'मध्ये तोच गेम आतल्या एसएसडीवर लिहून ठेवतात, त्यामुळे प्लग काढला तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू. या एका बाबतीत मी एक्सबॉक्सला डोळे झाकून मार्क देतो. अर्थात खेळता खेळताच लाइन गेली तर दोघांचंही सारखंच, शेवटचं जिथं सेव्ह केलं तिथपर्यंत मागे.

४. टीव्ही कोणता, ते मला आधी सांगा.

जुन्या मशिनीची बंदूक घेऊन अजूनही कुणीतरी येतं. 'डक हंट' एलईडी टीव्हीवर चालत नाही, बंदूक दुरुस्त करून द्या म्हणतं. बंदुकीला काही झालेलं नसतं. खटका दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, आणि नळीतला डोळा तो उजेड आला का हे पाहतो. जुन्या काचेच्या डब्यात चित्र जिथल्या तिथं, वेळेवर उमटायचं. आजचा टीव्ही चित्र आधी स्वतःशी घोळवतो, मग दाखवतो. तोवर बंदुकीची वेळ निघून गेलेली असते.

नव्या मशिनीचंही असंच आहे. सिरीज एक्सचे १२ टेराफ्लॉप, प्लेस्टेशन ५ चे १० च्या वर, सिरीज एसचे ४. पोरं हे आकडे पाठ म्हणतात. घरी भिंतीवर असतो ३२ इंची एचडी-रेडी टीव्ही, आडव्या ओळी ७६८. फोर-के चित्र त्यावर उतरणारच नाही. अशा टीव्हीसाठी ताकदीचे जादा पैसे मोजणं म्हणजे बैलगाडीला विमानाचं चाक. खेळताना मात्र टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' लावा. रिमोट दाबल्यावर उशिरा हलण्याची निम्मी तक्रार तिथंच मिटते, आणि माझी फीही वाचते.

५. डिस्कचा खाचा असलेली घ्या.

इथं मी थोडा हट्टी आहे. २ फेब्रुवारी २०२१ ला प्लेस्टेशन ५ भारतात आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० ला आणि बिनडिस्कचा ३९,९९० ला होता. सिरीज एस त्याआधीच्या नोव्हेंबरात ३४,९९० ला आला, त्याला डिस्कची सोयच नाही. नंतर भाव बदलले, पण डिस्कवाल्याला जादा मोजावे लागतातच. मोठा नवा गेम तेव्हा ४,९९९ ला होता. डिस्क असली की खेळून झाल्यावर ती विकता येते, मित्राशी बदलता येते. चार-पाच डिस्का फिरवल्या की वरचे जादा पैसे वसूल. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही, भावाला देतानाही खात्याची भानगड.

शिवाय उतरवायचा कसा? शंभर जीबीच्या वरचे गेम आता सर्रास आहेत. रोज दोन जीबीच्या पॅकवर असा एक गेम उतरायला पन्नास दिवस लागतील, तेही मोबाइलवर दुसरं काही न पाहता. मूळच्या सिरीज एसमध्ये वापरायला मिळणारी जागा ३६४ जीबी, म्हणजे असे तीन गेम आणि संपलं. घरात फायबर आला असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर नुसत्या कमी किमतीवर भुलू नका.

६. '९९९९ इन वन' वर विश्वास ठेवू नका.

जुन्या कॅसेटींवर हा आकडा असायचा. आत गेम पन्नासच्या आत, पुढचे सगळे तेच गेम, कधी तिसऱ्या लेव्हलपासून तर कधी रंग बदलून. आता ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त 'रेट्रो' काड्यांवर तोच खेळ चालू आहे. एक्सबॉक्सच्या गेम पासमधले गेम खरे आणि शेकड्यांनी असतात, हे मान्य. पण ते वर्गणी थांबली की थांबतात, आणि वर्गणीचा भाव आपल्या हातात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचा सगळ्यात वरचा प्रकार अमेरिकेत २० डॉलरवरून ३० वर गेला, आपल्याकडेही वाढला. मशीन घेताना दोन वर्षांची वर्गणी किमतीत धरूनच तुलना करा.

७. निन्टेन्डोचा मोह आवरा.

स्विच हातात घेतला की सुटत नाही, हे मीही कबूल करतो. लहान पोरांसाठी तिन्हींत मजेदार तोच. पण निन्टेन्डो तो भारतात अधिकृतपणे विकत नाही. जो मिळतो तो बाहेरून आणलेला, वॉरंटी दुकानदाराच्या तोंडची. गंमत पाहा, पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीनं 'राजी' नावाचा गेम केला, सर्कशीतल्या मुलीचा, दुर्गा आणि विष्णूच्या कथांचा. तो १८ ऑगस्ट २०२० ला सगळ्यात आधी स्विचवरच निघाला. आपल्याकडे प्लेस्टेशन-एक्सबॉक्सवाल्यांना ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं.

८. धूळ आणि मे महिना.

यवतमाळ जिल्ह्याचा उन्हाळा ४४-४५ अंशांचा, आणि हंगामात कापसाचा तंतू हवेत. मशीन शोकेसच्या काचेमागं ठेवू नका, वरून विणलेला रुमाल तर मुळीच नको. ३६० च्या काळात तीन लाल दिव्यांच्या बिघाडानं जगभर एवढा गाजावाजा झाला, की मायक्रोसॉफ्टला २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली, शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला ठेवावी लागली. उष्णता काय करते याचा तो धडा. प्लेस्टेशन ५ ची पांढरी पट्टी सरकवली की आत धूळ जमवणारी दोन भोकं दिसतात. दिवाळीच्या झाडझुडीत तिथं व्हॅक्यूम लावा. कॅसेटीत फुंकर मारायची सवय इथं नको. तेव्हाही फुंकरीनं नाही, कॅसेट काढून परत नीट बसवल्यानं गेम लागायचा.

९. मग कोणता?

घरात फायबर नाही, दोन पोरं आहेत, टीव्ही साधा आहे, तर डिस्कवाला जुना प्लेस्टेशन ४ घ्या. नांदेडला किंवा नागपूरला दुकानात बसून, तासभर चालवून, पंख्याचा आवाज ऐकून घ्या. त्याचे गेम आणि डिस्का सहज मिळतात, क्रिकेटही मिळतं. फायबर आहे, लाइन वारंवार जाते आणि खेळणारं पोरगं एकच आहे, तर सिरीज एस. फोर-के टीव्ही भिंतीवर असेल आणि खिसा मोठा असेल तरच डिस्कवाला प्लेस्टेशन ५. आणि काहीही घ्या, छापील पक्कं बिल मागा. बिल नसलेली मशीन वॉरंटीत कुणी हातात धरत नाही, मग ती माझ्याच टेबलावर येते आणि पैसे तुमचे लागतात.