इलेक्ट्रॉनिक गियरची बॅटरी रस्त्यात उतरली तर?

प्रश्न : नोकरी सांभाळून सायकल चालवतो. नुकतीच वायरलेस इलेक्ट्रॉनिक गियरची सायकल घेतली. रविवारी कधी साकोली, कधी पवनीवरून गोसीखुर्द धरणापर्यंत जातो. या हिवाळ्यात नागपूरहून निघणारी ३०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, जादा बॅटरी घेऊनच ठेवा. सोबतचे सायकलवाले म्हणतात, काही गरज नाही, एका चार्जिंगमध्ये हजार किलोमीटर जाते. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, भंडारा

उत्तर : सोबत्यांचा आकडा बरोबर आहे, पण तो पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आहे. तुमची बॅटरी निघताना किती भरलेली असते, हा खरा प्रश्न. रस्त्यात अडकणाऱ्यांपैकी बहुतेकांची बॅटरी लहान नसते, ती घरी भरायची राहिलेली असते.

आधी यंत्रणा समजून घेऊ. साध्या गियरमध्ये तुमचं बोट तार ओढतं आणि तार चेन हलवणाऱ्या भागाला, म्हणजे डिरेलरला, सरकवते. इलेक्ट्रॉनिक गियरमध्ये हँडलवरचं बटण फक्त संदेश पाठवतं आणि डिरेलरमधली छोटी मोटर चेन सरकवते. बॅटरी उतरली की मोटर थांबते आणि चेन होती तिथेच राहते. ब्रेक, पायडल, चाकं यांचा त्या बॅटरीशी काही संबंध नाही. म्हणजे सायकल बंद पडत नाही, ती एका गियरची होते.

आता तुमच्या सायकलवर कोणत्या कंपनीचे गियर आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या माविकने असे गियर काढून पाहिले होते, पण ते टिकले नाहीत. जपानच्या शिमानोने २००९ मध्ये डीआय२ आणलं आणि अमेरिकेच्या स्रॅमने २०१५ मध्ये बिनतारी ई-टॅप. आज आपल्याकडे मुख्यतः हीच दोन घराणी दिसतात, आणि बॅटरीच्या बाबतीत दोघांची रीत वेगळी आहे.

स्रॅममध्ये प्रत्येक डिरेलरवर स्वतःची बॅटरी असते. ७.४ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर-तास, वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. खटका दाबला की हातात येते, पाना लागत नाही. कंपनी साधारण ६० तासांचं चालणं सांगते. गियर बदलताना डिरेलरवरचा दिवा हिरवा लागला तर १५ तासांहून अधिक शिल्लक, लाल लागला तर ५ ते १५ तास, लाल लुकलुकला तर ५ तासांच्या आत. पुढच्या आणि मागच्या डिरेलरच्या बॅटऱ्या अगदी सारख्या असतात. पुढचा गियर आपण क्वचित बदलतो, त्यामुळे ती बॅटरी कमी खर्च होते. मागची उतरली की पुढची काढून मागे लावायची, झालं. म्हणजे पुढे दोन चेनव्हील असतील तर एक जादा बॅटरी सायकलवर आधीच लागलेली आहे. पुढे एकच चेनव्हील असेल तर मात्र ही सोय नाही, तिथे दुकानदाराचं ऐका.

शिमानोच्या डीआय२ मध्ये बहुतेक रोड सायकलींना एकच बॅटरी असते आणि ती सीटच्या दांड्यात लपवलेली असते. रस्त्याच्या कडेला सीटपोस्ट उपसून ती बदलत बसणं शहाणपणाचं नाही. म्हणून या घराण्यात जादा बॅटरीऐवजी पॉवर बँक आणि कंपनीची चार्जिंग केबल सोबत ठेवायची. २०२१ नंतरच्या बारा-स्पीड डीआय२ मध्ये ती केबल मागच्या डिरेलरला लागते. मोबाइलची केबल तिथे बसत नाही, हे घरीच पाहून घ्या. बॅटरी अगदी संपत आली की आधी पुढचा डिरेलर थांबतो, मागचा आणखी थोडा वेळ चालतो. पुढचा गियर हलेनासा झाला की तो इशारा समजा.

आता हिशेब करू. ३०० किलोमीटरच्या बीआरएमला २० तासांची मुदत असते. ६०० ला ४० तास, १००० ला ७५ तास. पूर्ण भरलेली बॅटरी ६० तास चालत असेल तर ३०० साठी ती तिप्पट आहे. ६०० मध्येही निभतं. १००० ला मात्र मुदतच बॅटरीच्या आयुष्याहून मोठी आहे. त्यातले काही तास झोपेचे, जेवणाचे धरले तरी तिथे काठावर राहण्यापेक्षा पंचवीस ग्रॅम जास्त न्यावेत.

मग बॅटरी अवेळी उतरते कशी? याचं एक कारण तुमच्या प्रश्नातच आहे. बीआरएम नागपूरहून, तुम्ही भंडाऱ्याहून, म्हणजे साठेक किलोमीटर सायकल गाडीत टाकून नेणार. बिनतारी डिरेलरमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. सायकल उभी असली की डिरेलर झोपतो, हलली की जागा होतो. गाडीच्या धक्क्यांनी तो सगळी वाट जागाच राहतो. त्यात एखादी बॅग हँडलवरच्या शिफ्टरच्या बटणावर रेलली असेल तर बटण दाबलेलंच राहतं आणि बॅटरी खर्च होत राहते. म्हणून स्रॅम असेल तर गाडीत सायकल चढवण्याआधी दोन्ही बॅटऱ्या काढा, त्यांच्या जागी प्लॅस्टिकची झाकणं लावा. काढलेल्या बॅटऱ्या हेल्मेटमध्ये ठेवा, कारण हेल्मेटशिवाय तुम्हाला निघता येणार नाही, आणि घरी विसरलेली बॅटरी उतरलेल्या बॅटरीहून वाईट.

एवढं करूनही लाल दिवा लुकलुकलाच तर पहिलं काम बॅटरी शोधण्याचं नाही, मधला गियर टाकण्याचं. पुढे ५० दाती चेनव्हील आणि मागे ११ दाती चकती असताना चेन अडकली, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेनऊ मीटर जाते. समोरून वारा आला की त्या गियरवर गुडघे बोलायला लागतात. तीच चेन २१ दातांवर असेल तर एका फेऱ्यात पाच मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले तरी ताशी १८ किलोमीटर पडतात. आपल्याकडे दूधवाले आणि धानाच्या बांधावर जाणारे शेतकरी ज्या काळ्या सायकली चालवतात, त्यांचा एकुलता एक गियर साधारण याच मापाचा असतो. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या सपाट रस्त्यावर त्यावर पन्नास किलोमीटर सहज निघतात. चिखलदऱ्याच्या घाटात निघणार नाहीत. म्हणून बॅटरीचा निर्णय अंतर पाहून आणि चढ पाहून करा.

प्रश्न : हँडलवरच्या शिफ्टरमध्येही सेल असतो म्हणतात. तो भंडाऱ्यात मिळतो का?

उत्तर : असतो, आणि बहुतेक लोक त्यालाच विसरतात. स्रॅमच्या शिफ्टरमध्ये सीआर२०३२ हा बटण सेल असतो. नावातच माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. हाच सेल संगणकाच्या मदरबोर्डवर, वजनकाट्यात, गाड्यांच्या रिमोट चावीत असतो, त्यामुळे भंडारा, तुमसर, साकोली कुठेही घड्याळवाल्याकडे किंवा संगणकाच्या दुकानात विचारा. शिमानोच्या बिनतारी शिफ्टरला सीआर१६३२ लागतो. तो चार मिलिमीटरने लहान, आणि ऐनवेळी गावात मिळेलच अशा भरवशावर राहू नका, आधीच मागवून ठेवा. दोन्ही सेल साधारण दीड-दोन वर्षं टिकतात. नेमकं त्यामुळेच कधी बदलले होते ते आठवत नाही. बसवल्या दिवशी तारीख लिहून ठेवा.

सेल उतरल्याची खूण ओळखायला शिका. स्रॅममध्ये उजवं बटण गियर जड करतं, डावं हलका करतं. उजव्याचा सेल गेला तर चेन फक्त हलक्या बाजूला जाते, परत येत नाही. लोकांना वाटतं मोठी बॅटरी गेली, आणि ती बदलूनही काही होत नाही. बटण दाबल्यावर शिफ्टरवरचा दिवा लागत नसेल तर दोष सेलचा. झाकण उघडायचं हत्यार बॅगेत आहे ना, हे एकदा घरी उघडून पाहा. आणि हे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. तशी शंका जरी आली तरी थेट दवाखाना गाठायचा.

प्रश्न : आपल्याकडचा उन्हाळा आणि पावसाळा या बॅटऱ्यांना सोसतो का?

उत्तर : सायकल चालवताना सोसतो, ठेवताना नाही. शिमानोच्या सूचनेनुसार बॅटरी चार्ज करायची ती ० ते ४५ अंश तापमानात. मे महिन्यात विदर्भात सावलीतला पारा तिथवर जातो, आणि उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत तर त्याच्या कितीतरी वर. म्हणून सुटी बॅटरी गाडीच्या डिकीत टाकून ठेवू नका, आणि दुपारी उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, घरात थंड होऊ द्या. उन्हाळाभर सायकल बंद राहणार असेल तर बॅटरी काढा, निम्मी भरलेली ठेवा, कपाटात ठेवा. पावसाचं म्हणाल तर हे भाग पाऊस धरूनच बनवलेले असतात. पण सर्व्हिसिंगवाल्याला पंपाची जोरदार धार डिरेलरवर मारू देऊ नका. भिजून आल्यावर बॅटरी काढून तिची धातूची टोकं कोरड्या मऊ फडक्याने पुसा.

प्रश्न : नागपूरहून विमानाने सायकल न्यायची झाली तर?

उत्तर : सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात टाकायच्या नाहीत, हातातल्या बॅगेतच न्यायच्या, हा सगळीकडचा नियम आहे. मर्यादा १०० वॉट-तासांची. स्रॅमची बॅटरी ७.४ गुणिले ०.३, म्हणजे सुमारे सव्वादोन वॉट-तासांची, मर्यादेच्या कुठेच जवळ नाही. टोकांवर झाकण किंवा चिकटपट्टी लावा, म्हणजे किल्ल्या-नाण्यांना लागून शॉर्ट होणार नाही. पॉवर बँकही हातातच. खोक्यात बांधलेल्या सायकलवर बॅटरी राहिली का, हे खोकं बंद करण्याआधी पाहा.

प्रश्न : आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली. असे लोक किती बॅटऱ्या नेतात?

उत्तर : त्यांच्या यादीवरून आपली यादी करू नका. जवळजवळ ४,८०० किलोमीटरची ती शर्यत १२ दिवसांच्या मुदतीत संपवायची असते आणि सायकलस्वारामागे त्याची माणसं गाडी घेऊन असतात. चार्जर, सुटे भाग, खाणं, सगळं त्या गाडीत. बीआरएमचा नियम उलटा आहे : दोन कंट्रोलच्या, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणांच्या, मध्ये सोबतीची गाडी चालत नाही, जे लागेल ते स्वतःच्या बॅगेत.

तर तुमच्या ३०० साठी बॅगेत काय, ते सांगतो. स्रॅम आणि पुढे दोन चेनव्हील : आदल्या रात्री दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरा, एक सीआर२०३२ ठेवा, जादा बॅटरी नको. स्रॅम आणि पुढे एकच चेनव्हील : जादा बॅटरी घ्याच. शिमानो : पूर्ण चार्ज करा, सीआर१६३२ ठेवा, आणि मोबाइलसाठी पॉवर बँक नेणारच आहात तर गियरची केबलही त्याच कप्प्यात टाका. १००० ची नोंदणी कराल त्या दिवशी दुकानदाराकडे पुन्हा जा.