पांढरी एक कुणाची?

सॅक्सोफोन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती वरात. पुढे नाचणारी पोरं आणि लाल कोटात घामाघूम झालेला बँडवाला. सिनेमाचं वेड असलेल्यांना फार तर मनोहारी सिंग (१९३१-२०१०) आठवतील, पंचमच्या कितीतरी गाण्यांत त्यांचाच सॅक्स आहे. पण ना गायक, ना ढोल, नुसते तीन-चार सॅक्सोफोन एकमेकांशी बोलत बसतात, असंही संगीत असतं, हे मला फर्स्ट इयरपर्यंत ठाऊक नव्हतं. (मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घाला.)

याला चेंबर म्युझिक म्हणतात. प्रत्येक भागाला एकच वादक आणि समोर काठी हलवणारा कुणी नाही. चुकलात तर लपायला जागा नाही, अगदी व्हायवासारखं. अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये पॅरिसला या वाद्याचं पेटंट घेतलं आणि १८५७ मध्ये सँगली नावाच्या त्याच्या मित्राने चार सॅक्सोफोनांसाठी रचना लिहिली. पुढे ग्लाझुनोव्हने १९३२ मध्ये लिहिली, फिलिप ग्लासने १९९५ मध्ये. या सगळ्यांना सोप्रानो, अल्टो, टेनर, बॅरिटोन अशी चौकडी लागते. आमच्याकडे दोन अल्टो, एक टेनर आणि होस्टेलची पेटी. म्हणून आम्ही निवडलं टेरी रायलीचं ‘इन सी’.

१९६४ सालच्या या रचनेत फक्त ५३ छोटे तुकडे आहेत. वाद्य कुठलंही, माणसं कितीही. प्रत्येकाने एक तुकडा हवा तितक्या वेळा वाजवायचा आणि मग पुढच्यावर जायचं. अट एवढीच की इतरांचं ऐकायचं आणि दोन-तीन तुकड्यांपेक्षा जास्त पुढे पळायचं नाही, मागेही राहायचं नाही. लय सुटू नये म्हणून एकजण वरचा सा सारखा टोचत राहतो. रायली स्वतः सोप्रानो सॅक्स वाजवायचा, आणि १९७० पासून तो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. म्हणजे आपल्या भीमसेनजींच्या घराण्याचा!

आता आमची फजिती. टेनर वाजवतो तो माझा वर्गमित्र, शहाद्याकडचा. घरचाच बँड. लगीनसराईत रात्रभर वाजवून सकाळी प्रॅक्टिकलला येतो, त्यातूनच त्याची मेस भागते. त्याला स्टाफ नोटेशन येत नाही. मला सिस्टरांनी शिकवलेलं, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच होते. पहिल्या दिवशी म्हटलं, सगळ्यांनी सी धरा. धरला, आणि तीन वेगळेच सूर निघाले! पेटीची पांढरी एक, माझी काळी दोन, त्याची काळी पाच. तो म्हणाला, ‘मना काम नही हाई,’ आणि वाद्य पेटीत ठेवायला लागला.

चूक त्याची नव्हतीच. अल्टो ई-फ्लॅटचा असतो, टेनर बी-फ्लॅटचा. वादकाला लहान-मोठ्या सॅक्सवर तीच बोटं चालावीत म्हणून कागदावरचे सूर सरकवून लिहितात. पेटीची पांढरी एक हवी असेल, तर अल्टोवर पांढरी सहाची बोटं लावायची आणि टेनरवर पांढरी दोनची. आपल्या भाषेत सांगायचं तर ओरिजिन शिफ्ट केला, बाकी ग्राफ तोच. मी दोन रात्री बसून सबमिशनसारखे ५३ तुकडे दोन्ही वाद्यांसाठी उतरवून काढले. त्याला मात्र एवढंच सांगितलं, ‘तुझा सा पांढरी दोनवर.’ पुढचे तुकडे मी सरगममध्ये म्हणत गेले आणि तो लगेच वाजवत गेला. पहिल्या तुकड्यात फक्त गंधार आणि त्याला षड्जाचा कण, पुढे तीव्र मध्यम येतो, कोमल निषादही येतो. कुठेच अडला नाही. गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे सा हलवणं हे त्याचं रोजचं काम. मी विचारलं, कसं जमतं? तर म्हणे, ‘तू कागद देखस, मी आयकस.’

ऐकण्याचंही गणित आहे. एक सूर ४४० हर्ट्झचा आणि दुसरा ४४३ चा असेल, तर सेकंदाला तीन ठोके ऐकू येतात, ते आपण फिजिक्समध्ये शिकलेले बीट्स. माऊथपीस थोडा आत-बाहेर करून ते घालवायचे. एप्रिलमध्ये इथे हे अवघडच. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, अंशाला साधारण ०.६ मीटर प्रति सेकंद, आणि सॅक्सचा सूर चढतो. पेटीचा सूर पितळी पट्टीवर ठरतो, तो जवळजवळ हलत नाही. म्हणून सकाळी जुळवलेलं दुपारी बेसूर! दर पंधरा मिनिटांनी आम्ही पुन्हा पेटीशी जुळवतो, आणि शेवटचा शब्द टेनरवाल्याचा. तो नाही म्हणाला की माझा ट्यूनर खोटा.

सध्या आम्ही बाविसाव्या तुकड्यापर्यंत आलोय. लग्नाच्या तारखा सोडून, मेसच्या मागच्या खोलीत, संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात (सातला लेडीज होस्टेलचं गेट बंद होतं). पेटीवर अर्धा तास न थकता एकच सा वाजवणारं कुणीतरी हवंय. नोटेशन येत नसलं तरी चालेल. आणि बॅरिटोन कुणाच्या बँडमध्ये पडून असेल तर जरूर कळवा.