पाली शब्द-परिचय : ‘सत्त’



मैत्रीभावना करताना ‘सब्बे सत्ता’ हे दोन शब्द आपण नेहमी म्हणतो. उद्या घरातल्या मुलाने विचारले, “सत्ता म्हणजे काय?” तर काय सांगाल? मराठीत सत्ता म्हणजे अधिकार, राज्य. तोच अर्थ येथे लावला तर ‘सर्व सत्ताधारी सुखी होवोत’ असा भलताच बोध होईल! म्हणून हा छोटा शब्द आज नीट समजून घेऊ.

पालीतील मूळ शब्द ‘सत्त’. त्याचे अनेकवचन ‘सत्ता’. संस्कृतात सप्त, सत्त्व, सक्त, शप्त असे जे चार निरनिराळे शब्द दिसतात, त्या चौघांचेही पालीतील रूप ‘सत्त’ असेच आहे. रूप एक, अर्थांचे नाते मात्र काही नाही.

१) सत्त म्हणजे सात. बोज्झंगे सात आहेत : स्मृती, धम्मविचय, वीर्य, प्रीती, प्रश्रब्धी, समाधी आणि उपेक्षा. राजगृहाच्या ज्या गुहेजवळ पहिली संगीती झाली असे परंपरा सांगते, ती सत्तपण्णी. सत्तपण्णी म्हणजे आपली सातवीण. हत्थचा हात, भत्तचा भात, तसाच सत्तचा सात.

२) सत्त म्हणजे प्राणी. ‘बोधिसत्त’मध्ये हा शब्द आहे. मैत्रीभावनेतही हाच अर्थ : सर्व प्राणी.

३) सत्त म्हणजे आसक्त, चिकटलेला.

४) सत्त म्हणजे शापलेला. हा अर्थ क्वचित आढळतो.

कोणता अर्थ घ्यावा, हे शेजारच्या शब्दांवरून ठरते. परंतु एके ठिकाणी भगवंतांनी दुसरा आणि तिसरा अर्थ मुद्दाम जोडून दाखविला आहे. संयुत्तनिकायात राध नावाचे भिक्खू विचारतात की, प्राण्याला सत्त का म्हणतात? भगवंत सांगतात की रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान यांत जो तृष्णेने गुंतला, चिकटला, तो सत्त. मुले वाळूची घरे करतात. ओढ असेपर्यंत ती जपतात. ओढ संपली की स्वतःच्याच हातापायांनी मोडून टाकतात. तृष्णाही तशीच मोडावी.

या उत्तरात आत्म्याचे नाव नाही, ईश्वराचे नाही, गतजन्मीच्या पापाने ठरलेल्या जातीचे तर नाहीच. बंधन तृष्णेचे आहे आणि ते माणसाला स्वतः तोडता येते. एका शब्दाचा अर्थ कळला की एवढे कळते.

अर्थ न समजता मंत्र ऐकायचे आणि पुरोहित सांगेल ते मानायचे, ही रीत आपण १९५६ साली नागपूरला टाकून दिली. बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण व शब्दकोश तयार करण्याचे कष्ट घेतले. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली ते १६ व्या खंडात छापले आहेत. आपण नुसती पोपटपंची केली तर त्या कष्टांचे चीज काय?

अभ्यास : येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर घरातील सर्वांनी ‘सत्त’चे चार अर्थ सांगावेत. आधी मुलांनी, मग वडीलधाऱ्यांनी.

जयभीम.