कामावरच्या डब्यात मूठभर हिरवं

सख्यांनो, खुरपणीला, कापूस वेचायला नाहीतर रोजगार हमीच्या कामावर निघताना आपल्या फडक्यात काय बांधलेलं असतं? दोन भाकरी, ठेचा, एखादा कांदा. त्यानं पोट भरतं, पण रक्त भरत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी. चढावर धाप लागते, डोळ्यांपुढं अंधारी येते, दुपारनंतर हात चालत नाही. आपण म्हणतो, "ऊन लागलं." दर वेळी ते ऊनच असतं असं नाही.

लिंबाचं काम काय?

बाजरीच्या भाकरीत, मटकीत, मेथीत लोह असतं. पण धान्य-भाजीतलं लोह अंगाला सहज लागत नाही. त्याच जेवणात लिंबू, आवळा, कैरी किंवा टोमॅटो असला, तर त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळं ते जास्त शोषलं जातं. उलट, जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतला की लोह कमी मिळतं. म्हणून जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचं अंतर ठेवा.

सलाड हा शब्द नवा असला तरी वस्तू आपलीच आहे. कुठं मेथीचा घोळाणा म्हणतात, कुठं पचडी, कुठं कोशिंबीर. त्यात मोडाची मटकी घातली की झाला कामावरचा डबा.

साहित्य (एकीच्या डब्यासाठी)

- कोरडी मटकी – एक मूठ
- निवडलेली कोवळी मेथी किंवा कांद्याची पात – दोन मुठी
- टोमॅटो – १, लहान कांदा – १
- भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट – २ चमचे
- लिंबू – अर्धं
- मीठ, तिखट चवीपुरतं

कृती

१. सोमवारच्या डब्यासाठी शनिवारी रात्री मटकी धुऊन भिजत घाला. रविवारी सकाळी पाणी काढून ओल्या सुती फडक्यात बांधा. सोमवारी सकाळी मोड आलेले दिसतील. थंडीत चुलीजवळ उबेला ठेवा, वेळ थोडा जास्त लागतो.

२. मोड स्वच्छ धुऊन, उकळत्या पाण्यावर चाळणी ठेवून पाच-सात मिनिटं वाफवा. मोड ओले आणि उबेला राहतात, त्यामुळं त्यात जंतू वाढू शकतात. कच्चे मोड डब्यात नेऊ नका.

३. मेथी दोन-तीन पाण्यांतून धुऊन, निथळून बारीक चिरा. कांदा, टोमॅटो चिरा.

४. मटकी पूर्ण गार झाल्यावर सगळं एकत्र करून डबा भरा. गरम भरलं तर वाफ धरून डबा आंबतो.

५. मीठ-तिखट आणि कूट वेगळ्या पुडीत, लिंबू अख्खं न्या. मीठ आधी घातलं की पाणी सुटतं. जेवायला बसल्यावर कालवा आणि लिंबू पिळा.

मेथी नसेल त्या दिवसांत काकडी, गाजर, कोबी, मुळ्याचा कोवळा पाला चालतो. उन्हाळ्यात लिंबू महागलं की कैरी किसून घाला, थंडीत आवळा.

एवढं सांभाळा

- डबा झाडाच्या सावलीत ठेवा, औषधाच्या डब्या-पंपांपासून लांब.
- फवारणी झालेल्या शेतातली घोळ, पाथरी तोडून कच्ची खाऊ नका.
- जेवणाआधी साबणानं हात धुवा. वडी फडक्यात बांधून सोबत न्या.
- सकाळचा डबा दुपारीच संपवा. उरलेलं संध्याकाळी खाऊ नका, पोरांनाही देऊ नका.

गोळी बंद करू नका

या डब्यानं मदत होते, पण रक्त फारच कमी असेल तर एवढ्यानं भागत नाही. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, आणि गरोदरपणी ११ च्या खाली असेल, तर रक्त कमी आहे असं धरतात. उपकेंद्रात जाऊन तपासून घ्या. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी चहाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घ्या.

पुढच्या बैठकीत बोलूया

१. आपल्या घरात लिंबू, शेंगदाणे, मोडाची उसळ आधी कुणाच्या ताटात पडते? आपल्या वाट्याला किती उरते?

२. गटातल्या किती जणींनी या वर्षी हिमोग्लोबिन तपासलं? राहिलेल्या जणी कोणत्या दिवशी मिळून जायच्या?

३. एका कामावर जाणाऱ्या जणींनी पाळी लावली तर? एकीनं मटकी, दुसरीनं भाजी, तिसरीनं लिंबं. रोज सगळ्यांना सगळं करावं लागणार नाही.

घरादाराचे डबे भरून झाल्यावर जे उरेल ते आपलं, ही सवय मोडायची असेल तर शनिवारी रात्री एक मूठ मटकी जास्तीची भिजत घाला. ती मूठ तुमची.