शिक्षा आणि शिक्षण

शास्त्रपाठ : दानीएल, अध्याय १

विद्यार्थी वाचकहो, बारावीनंतर दिल्लीस शिकावयास जाण्याचा योग तुमच्यापैकी काहींना येत असेल. २०२२ पासून दिल्ली विद्यापीठातील पदवीचे प्रवेश देशव्यापी सामायिक परीक्षेच्या गुणांवरून होऊ लागले आहेत. गुण मिळतात, गाडीचे तिकीट येते, आई लाडवांचा डबा भरून देते. आणि कमला नगर वा विजय नगरातील भाड्याच्या खोलीत पहिल्या रात्री मनात येते, आपण येथे चुकून तर आलो नाही ना? हा पाठ त्या रात्रीसाठी आहे.

यरुशलेमेहून बाबेलास नेलेल्या चार तरुणांची हकिकत आपण बहुधा त्यांच्या आहारासाठी वाचतो. ती विद्यार्थ्याच्या डोळ्यांनी वाचून पाहा. नबुखद्नेस्सराने त्यांना खास्द्यांची भाषा व विद्या शिकविण्याचे ठरविले. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, शेवटी राजापुढे परीक्षा. दानीएल, हनन्या, मीशाएल व अजऱ्या ही त्यांची नावेसुद्धा बदलण्यात आली. अर्थात ते बंदिवान होते, तुम्ही स्वेच्छेने गेलेले आहात. हा भेद विसरता कामा नये. तरी परक्या नगरात परक्या भाषेतून शिकणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. त्यांना भीती वाटली किंवा नाही, हे शास्त्र सांगत नाही. त्यांनी काय केले, एवढेच सांगते.

दिल्लीत पहिला धक्का भाषेचा बसतो, आणि तो इंग्रजीआधी हिंदीचा असतो. हिंदी तर आपल्याला येतेच, अशा समजुतीने आपण निघालेलो असतो. घरमालक म्हणतो, ‘कमरा खाली है’, आणि आपण जिन्याकडे पाहू लागतो. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, तिकडे प्रयत्न. आपली शिक्षा गुन्हेगाराला होते. तिकडे शिक्षा म्हणजे शिक्षण, आणि त्यासाठी केंद्रात शिक्षा मंत्रालय आहे! कोणी हसले तर आपणही हसावे. हसण्याच्या भयाने जो तोंड मिटून बसतो, त्याचे शिक्षण मात्र हळूहळू मराठी अर्थाची शिक्षा होऊन बसते. तो मागच्या बाकावर जातो, मग तासच चुकवितो. विद्यापीठाच्या नियमाने दोन-तृतीयांश हजेरी लागते; ती घसरली, की आरंभी जे भय केवळ मनात होते त्याला खरे कारण मिळते. पहिल्याच सत्रात सामान बांधून परतणारी मुले बुद्धीने उणी असतात, असे मुळीच नाही.

आता दानीएलाची रीत पाहा. त्याने नवी विद्या नाकारली नाही. ती पूर्ण शिकला. एक गोष्ट मात्र त्याने स्वतःशी निश्चित केली आणि तिच्यासाठी विनंती केली. मुख्य अधिकाऱ्याला त्याच्याविषयी ममता होती, परंतु राजाचे भयही होते. तेव्हा दानीएल निराश होऊन बसला नाही. रोज देखरेख करणाऱ्या कारभाऱ्याकडे तो गेला आणि मागितले ते केवळ दहा दिवस. विद्यापीठातही हेच लागू पडते. प्राचार्यांची भेट दुर्लभ असेल. ट्यूटोरियलचा छोटा गट घेणारे प्राध्यापक, ग्रंथपाल, एक वर्ष पुढे असलेला विद्यार्थी हे तुमचे कारभारी होत. भरलेल्या वर्गात विचारण्याचे धैर्य होत नसेल, तर त्या छोट्या गटात विचारा. आणि चार वर्षांचा हिशेब पहिल्या रात्री मांडू नका. दहा दिवसांचा मांडा. दहा दिवस एकही तास चुकवावयाचा नाही, खोलीत एकट्याने जेवावयाचे नाही, आणि रोज एका अनोळखी माणसाचे नाव विचारावयाचे. चौघे मित्र होते म्हणून दानीएलाचे निभावले, असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु तुमच्या मजल्यावरही तीन घाबरलेली मुले असतीलच, फक्त त्यांची दारे लावलेली असतात.

स्थिरावणे म्हणजे मिळेल ते मुकाट्याने सोसणे नव्हे. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. हार्टले हॉल ह्या वसतिगृहातील अन्न त्यांना मानवले नाही. त्यांनी थोड्याच दिवसांत ते सोडले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भाथेना ह्या पारशी तरुणाचा सहवास लाभला आणि ती मैत्री जन्मभर टिकली. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. बिऱ्हाड बदलणे हा पराभव नव्हे. मेस बदला, खोली बदला; परत जाण्याचा विचार त्यानंतर करा.

रविवारचा एकटेपणा विशेष जड जातो. विद्यापीठाच्या मेट्रो स्थानकापासून तिसरे स्थानक काश्मिरी गेट; तेथील सेंट जेम्स चर्चचे १८३६ साली समर्पण झाले. तेथे जा, वा जवळच्या कोणत्याही मंडळीत. पहिल्या रविवारी कोणी बोलले नाही म्हणून दुसरा रविवार टाळू नका. मंडळ्याही लाजाळू असतात.

काही गोष्टी मात्र सोसावयाच्या नसतात. वरच्या वर्गातील मुलांचा छळ हा त्यांतला पहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार त्यास बंदी असून १८००-१८०-५५२२ ह्या क्रमांकावर तक्रार करता येते. दुसरे म्हणजे, आठवडेच्या आठवडे झोप न लागणे, अन्न नकोसे होणे, जगणेच नकोसे वाटणे. ह्याला घाबरटपणा म्हणू नये आणि केवळ प्रार्थनेवर सोपवून गप्पही बसू नये. शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य ऐकून घेते. तेथे बोलणारा विश्वासात उणा ठरत नाही.

हा अंक घरीही वाचला जाईल, म्हणून आईवडिलांसाठी एक शब्द. दूरध्वनीवर खर्चाची आठवण देऊ नका, आणि आवाज रडवेला वाटताच ‘ये परत’ असेही म्हणू नका. गुणांचे नंतर विचारा. आज जेवताना शेजारी कोण होते, ते आधी विचारा. आणि ‘कोणी नाही’ असे उत्तर सलग आठवडाभर आले, तर तिकीट काढून स्वतः जाऊन या. डिसेंबरात गेलात तर जाड रजई न्यावी. आपल्याकडील चादर तेथल्या थंडीला पुरत नाही.