तेल कोठे गेले, हे आधी विचारा

खाऱ्या पाण्यात बोट बाळगणाऱ्या माणसाला खर्चाची सवय असते व त्याबद्दल त्याची तक्रारही नसते. परंतु जो दोष नव्हताच त्याची दुरुस्ती करून, तिचे बिल वसूल करून, वर त्यालाच अडाणी ठरविण्यात येते, तेव्हा त्याने मुकाट्याने बसावे ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. सबब ही कैफियत.

रेवदंड्याच्या खाडीत असलेल्या माझ्या बोटीचा आउटड्राइव्ह, म्हणजे पिछाडीबाहेरचा पंख्याचा भाग, संध्याकाळी पूर्ण वर उचलून ठेवला तरी, सकाळपर्यंत आपोआप खाली उतरू लागला. तो उचलणाऱ्या ट्रिम पंपाच्या टाकीतील तेल वरचेवर खालच्या खुणेपाशी येऊ लागले. आणि पिछाडीच्या पाण्यावर तेलाचा तवंग पसरू लागला. मुंबईहून बोलाविलेल्या मेकॅनिकने प्रथम, "साहेब, जुन्या बोटीत एवढं तेल जायचंच, वरून टाकत जा," असा सल्ला दिला, आणि पुढच्या खेपेस, पिछाडीकडे ढुंकूनही न पाहता, पंप निकामी झाल्याचा निर्वाळा दिला. पंपाखालचा तळ कोरडा ठणठणीत आहे, मग तेल जाते कोठे, हा माझा प्रश्न त्याने हसण्यावारी नेला. नवा पंप बसला, त्याचे पैसे मी रोख मोजले, आणि तवंग होता तसाच राहिला. जुना पंप मागितला तो भंगारात गेला म्हणून सांगण्यात आले. पुन्हा तक्रार केली तेव्हा भलतेच तेल भरल्याचा ठपका माझ्यावर आला. ते तेल त्याच मेकॅनिकने, माझ्यादेखत, भरले होते.

शेवटी उधाणाच्या भरतीला बोट ट्रॉलीवर घेऊन काठावर ओढली. ड्राइव्ह उचलणारे दोन्ही सिलिंडर, त्यांना जाणारे होज पाइप व त्यांचे सांधे केरोसिनच्या फडक्याने पुसून कोरडे केले, त्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली, आणि खलाशाला आत बटणापाशी बसवून मी मागे अंतरावर उभा राहिलो. ड्राइव्ह वर चढू लागताच उजव्या सिलिंडरच्या होजच्या टोकाशी, जेथे रबरावर धातूची टोपी दाबून बसविलेली असते तेथे, गंजाने फुगलेल्या कडेखालून पांढऱ्या पावडरीवर एक काळसर ओली रेघ उतरली. ड्राइव्ह चढत असता ती लांबत गेली आणि तो खाली येऊ लागताच थांबली. ते पाहून माझे मस्तक भडकले, कारण एवढे कळण्यास एक फडके, पावडरचा डबा आणि थोडी सबुरी यांपलीकडे काहीच लागले नव्हते, आणि ज्याचा हा पेशा त्याच्यापाशी नेमकी ती सबुरी नव्हती.

ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनी एक तत्त्व पक्के ध्यानात धरावे. ट्रिमची रचना बंदिस्त असते. तिच्यातले तेल इंजिनातल्यासारखे जळत नाही. पंपातील झडप झिजली, तर ड्राइव्ह हळूहळू खाली येईल खरा, परंतु ते तेल टाकीतच परत येईल. ड्राइव्हही उतरतो आणि टाकीही रिती होत जाते, ही दोन लक्षणे एकत्र दिसली की तेल बाहेर जात आहे असे निश्चित समजावे. मात्र पातळी नेहमी ड्राइव्ह पूर्ण खाली असतानाच मोजावी, कारण तो वर असताना बरेचसे तेल सिलिंडरांत गेलेले असते.

गळती शोधताना दाब असलेल्या होजवरून हाताचे बोट कदापि फिरवू नये. सूक्ष्म छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. पुठ्ठा धरून पाहावे. सांधे सोडण्यापूर्वी ड्राइव्ह पूर्ण खाली टेकवावा आणि उचललेल्या ड्राइव्हखाली कोणासही जाऊ देऊ नये. खाऱ्या पाण्याने जखडलेल्या नटांना गंज सोडविणारे तेल घालून रात्रभर मुरू द्यावे, आणि नवे नट पाना लावण्याआधी हातानेच फिरवून बसवावेत. आटे एकदा बिघडले की होजची किंमत क्षुल्लक वाटेल असा खर्च उभा राहतो. एक होज गंजला असेल तर त्याच वयाचे उरलेलेही बदलावेत. तेल कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच भरावे, ड्राइव्ह पूर्ण वर-खाली करून हवा काढावी, मधून मधून मोटारीला विसावा द्यावा व पातळी पुन्हा पाहावी. सांडलेले तेल डब्यात धरावे. त्याच खाडीवर कोळ्यांचा संसार चालतो. झिंकचे ठोकळे झिजले की बदलावेत, कागदपत्रे जपून ठेवावीत, घाई करू नये, हे तर सर्वांना ठाऊकच आहे.

मेकॅनिकच्या बाबतीत मात्र मी आता कोणाचीही भीड धरीत नाही. गळतीची जागा डोळ्यांनी दाखविल्याखेरीज कोणताही भाग बदलण्यास संमती देऊ नये, दोषाचे कारण बिलावर लेखी घ्यावे, आणि काढलेला जुना भाग हाती पडल्यावाचून पैसे मोजू नयेत. ज्याला या अटी जाचक वाटतात, त्याच्या हाती आपली बोट देऊच नये.